पाच मिनिटांत सुरुवात

सुमेधाने डबा भरला, झाकण लावलं, झाकणावर एक थाप मारली आणि सरळ सांगून टाकलं, "आजपासून मी निरोप सांगणार नाही."

अवधूत बुटाची नाडी बांधत होता. एक पाय स्टुलावर, एक जमिनीवर. "कसले निरोप?" असं त्याने विचारलं खरं, पण ते उगाचच. घरात निरोप एकाच जातीचे होते. त्याचे अप्पांना आणि अप्पांचे त्याला. "अडीचला अप्पांना डोळ्यांच्या हॉस्पिटलात हजर करायचंय," सुमेधा म्हणाली. "चारला ऑपरेशन. मला शाळेत परीक्षेची ड्यूटी आहे, आणि नसती तरी मी नेणार नव्हते. तू न्यायचंस. आणि 'अप्पा, चला' हे तुझ्या तोंडाने म्हणायचंस. अकरा महिने झाले, अवधूत. तुम्हा बापलेकांचं इकडचं तिकडे करून माझ्या जिभेला घट्टे पडले." हे सगळं ती काही कुजबुजत नव्हती. चिंचपोकळीच्या दोन खोल्यांत कुजबुजायचं म्हटलं तरी ते जिन्यापर्यंत जातं. अप्पा पाच फुटांवर खाटेवर बसून भिंगातून पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. पान उलटण्याचा आवाज जरा जास्तच झाला, इतकंच.

आता यात खरी मेख अशी होती की अप्पांनी सोमवारीच आपला ठराव जाहीर केलेला होता. जेवताना, अवधूतच्या समोर, पण भाताच्या पातेल्याकडे बघत ते सुमेधाला म्हणाले होते, "ज्यांना मला हॉस्पिटलात न्यायची इच्छा आहे त्यांनी मला तसं सांगावं. नाहीतर राहू दे डोळा आहे तसा. दुसरा आहे." दुसरा डोळा कसा आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मागच्या आठवड्यात अप्पांनी त्या डोळ्याच्या भरवशावर चहात मीठ घातलं होतं आणि आपण चुकलो हे कळू नये म्हणून तो चहा पूर्ण प्यायले होते. सुंभ जळेल पण पीळ म्हणून जाणार नाही. डॉक्टर म्हणाले होते, आणखी लांबवाल तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही. म्हणजे प्रश्न सोपा होता. अडीचच्या आत अवधूतने तोंड उघडायचं. दोन शब्द. लहान मूलही म्हणेल. अवधूत नाडी बांधून उठला, खाटेसमोर आला, घसा खाकरला, आणि भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाला, "कोणाला काही लागलं तर मी ऑफिसात आहे." सुमेधाने कपाळाला हात लावला.

चिंचपोकळीहून परळला तो रोज चालतच जायचा. लालबागला मसाल्याच्या दुकानांपाशी मिरच्या कुटणं जोरात चाललं होतं, एप्रिलच होता, आणि अवधूतला ओळीने सात शिंका आल्या. सातव्या शिंकेला त्याला वाटलं, माणसाला शिंकायला कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही, मग दोन शब्द बोलायलाच का लागावी? पण अबोला म्हणजे काय चीज आहे हे ज्याने धरलाय त्यालाच कळतं. पहिले दोन दिवस राग असतो. आठवड्याने राग निघून जातो आणि मागे नुसते नियम उरतात. जो आधी बोलला तो हरला, हा पहिला नियम. समोरच्याचं नाव घ्यायचं नाही, हा दुसरा. सुमेधा घरात असली की "यांना सांग" आणि "त्यांना सांग" यावर भागायचं. ती नसली की दोघेही 'कोणीतरी' नावाच्या तिसऱ्या माणसाशी बोलायचे. "कोणीतरी गॅस चालू ठेवलाय." "कोणीतरी नळाखाली बादली लावली तर बरं होईल." हा कोणीतरी इतका कामाचा माणूस झाला होता की एकदा कुरिअरवाल्याने "घरात कोण कोण असतं?" विचारलं तेव्हा अवधूत क्षणभर चार म्हणणार होता.

आणि सुरुवात कशावरून, तर कॅलेंडरांवरून. गेल्या मे महिन्यात घराला रंग काढला. खाटेखाली सुतळीने बांधलेली चौतीस वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं होती. धूळ, झुरळं, कडा कुरतडलेल्या. अवधूतने ती कोणाला न विचारता रद्दीवाल्याला दिली. अप्पा फिरून आले, वाकून खाटेखाली बघितलं, बराच वेळ वाकूनच राहिले, आणि उठून म्हणाले, "सुमेधा, चहा ठेव." बस्स, तेव्हापासून. भांडले असते तर अवधूतही भांडला असता, मोकळं झालं असतं. पण अप्पा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फाईल बंद केली. मागून आठवत गेलं तसतसं अवधूतला समजलं की त्यांवरच्या तारखांच्या चौकोनांत अप्पा रोज काहीतरी लिहायचे. अवधूतला ताप, १०२. अवधूत पास. हिचं पथ्य सुरू. हिला आज बरं वाटलं. मग एका चौकोनात नुसती एक आडवी रेघ, ज्या दिवशी आई गेली त्या दिवसाची. रद्दी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो ऑफिसला दांडी मारून लालबागच्या रद्दीच्या दुकानात गेला होता. दोन तास गोण्या उपसल्या. रद्दीवाला म्हणाला, "साहेब, कालचा ट्रक कालच गेला." हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. अप्पांना सांगायचं तर मधे सुमेधा घ्यावी लागली असती, आणि सुमेधाला सांगताना आपल्याला रडू येईल याची त्याला खात्री होती. मग मिठाची गुळणी धरली ती धरली.

ऑफिस परळला, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. अवधूत एक्कावन्न वर्षांचा. बावीस वर्षं त्याने गोदामातल्या मालाचा एकच एक प्रोग्रॅम पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. गेल्या महिन्यात तो प्रोग्रॅम बंद झाला आणि अवधूतला नूपुरच्या टीममध्ये टाकलं. नूपुर सव्वीस वर्षांची, पोरगी हुशार, बोलायला गोड, पण घाई अशी की लिफ्टलासुद्धा "चल ना यार" म्हणायची. काम असं होतं: शीव कोळीवाड्यातल्या मासेवाल्या बायकांच्या सोसायटीला एक ॲप हवं होतं. बर्फाची गाडी आली की सगळ्यांच्या फोनवर निरोप जायला हवा. निरोप पोचवण्याचं काम करणारी एक तयार लायब्ररी होती, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण फक्त वापरायचा. तिच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत मथळा होता, 'पाच मिनिटांत सुरुवात'. अवधूतचा आज तिसरा दिवस होता.

"सर, आज तरी एक मेसेज जाऊ दे हां," नूपुर आल्या आल्या म्हणाली. "आणि ऐका, संध्याकाळी कोळीवाड्याचा डेमो आहे ना, म्हणून मी आपलं अकाउंट लाइव्ह केलंय. सराव मोड बंद. लक्षात ठेवा." अवधूतने मान हलवली. मान हलली, पण शब्द आत गेले नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या डोक्यात अडीच वाजत होते.

तो वाचत बसला. एरवी त्या पानावरचं इंग्रजी त्याला दगडासारखं लागायचं. आज मात्र तिसऱ्या परिच्छेदाशी तो थबकला. तिथे लिहिलं होतं की पाठवणारा आणि घेणारा यांनी एकमेकांशी थेट बोलण्याची गरज नाही. त्यांची ओळखही असायला नको. पाठवणाऱ्याने निरोप मधल्या पेटीत टाकावा, घेणाऱ्याने सवडीने तिथून उचलावा. दोघांपैकी एक गप्प असला तरी मधली पेटी सगळं सांभाळते. अवधूतने ते दोनदा वाचलं. अरे, हे तर आमचं घर! तीन दिवस जे डोक्यावरून जात होतं ते एकदम लख्ख झालं. पाठवणारा मी, घेणारे अप्पा, आणि मधली पेटी, आज सकाळी डब्यावर थाप मारून संपावर गेलेली, सुमेधा. त्याला इतकं हसू फुटलं की पलीकडून नूपुरने कानातला इअरफोन काढून बघितलं. "काय झालं सर?" "काही नाही," तो म्हणाला, "फार सोपं आहे गं हे." आणि त्याचं हसू तिथेच थांबलं. पुढच्याच ओळीत लिहिलं होतं, मधली पेटी बंद पडली तर निरोप कुठेही जात नाहीत.

मग मात्र हात भराभरा चालले. पहिली पायरी, लायब्ररी बसवणं. दुसरी, पेटीला जोडणं. तिसरी, पाठवणारा प्रोग्रॅम. चौथी, उचलून फोनवर धाडणारा. चौथ्या पायरीखाली हिरव्या चौकटीत 'अभिनंदन!' असं लिहिलं होतं, आणि अभिनंदन झाल्यावर पुढे कोण वाचतो? लग्नात अक्षता पडल्या की माणूस जेवणाच्या रांगेत उभा राहतो, तसंच ते. आता फक्त नंबर आणि मजकूर भरायचा राहिला. नंबर कोणाचा? बोटांनी आपणहून अप्पांचा टाइप केला. कालच हॉस्पिटलच्या फॉर्मवर तीन ठिकाणी लिहिला होता, तो बोटांत बसला होता. आणि सरावच तर आहे, जाणार कुठे, पडद्यावर उमटणार नि संपणार. मजकुराच्या जागी नमुना म्हणून 'हॅलो' होतं. अप्पांना हॅलो? जन्मात कधी म्हटलं नव्हतं. त्याने ते खोडलं. बोटं तशीच वर राहिली. समोर काच, काचेपलीकडे परळचे पत्रे, एका गच्चीवर वाळत घातलेली चादर. अकरा महिने जे घशाशी अडकलं होतं ते, इथे कोणी ऐकत नाही या भरवशावर, आपसूक खाली उतरलं. त्याने टाइप केलं: अप्पा, चुकलो. अवधूत.

बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: पाठवला. अवधूतला एवढं हलकं वाटलं की त्याला सणकून भूक लागली. बारा सत्तावन्न झाले होते. डबा खाऊन घरी जायचं, घड्याळाकडे न बघता अप्पांकडे बघायचं आणि म्हणायचं, असं ठरवून तो कँटीनमध्ये गेला. सुमेधाने गवारीची भाजी दिली होती. ती त्याला आवडत नसे. सुमेधा रागावली की गवार असायची. आज त्याने ती चाटून पुसून खाल्ली.

परत आला तर पडद्यावर खालपर्यंत ओळी. पाठवला. पाठवला. पाठवला. पाठवला. अवधूतला आधी अभिमानच वाटला. तीन दिवस एक जाईना आणि आता बघा. "नूपुर, ये गं," त्याने हाक मारली, "चाललं बघ आपलं." नूपुरने वाकून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "सर, हे त्रेचाळीस वेळा गेलंय. तुम्ही 'मिळाला' नाही कळवलंत पेटीला. पाचवी पायरी!" "पाचवी आहे?" "अभिनंदनच्या खाली, सर! उचलणाऱ्याने 'मिळाला' म्हणायचं असतं. तीस सेकंदांत म्हटलं नाही की पेटीला वाटतं, निरोप वाटेतच राहिला. मग ती तोच पुन्हा देते. पुन्हा. पुन्हा." तिने पटकन प्रोग्रॅम बंद केला. "पण सरावच होता ना?" अवधूत म्हणाला, आणि म्हणता म्हणताच सकाळचं तिचं वाक्य, चार तास उशिरा, त्याला ऐकू आलं. "लाइव्ह केलंय म्हटलं ना मी! कोणाचा नंबर टाकला होता?" तिने मजकूर वाचला. "अप्पा, चुकलो. अवधूत." मग हळूच, "सर, अप्पा म्हणजे... क्लायंटपैकी कोणी?"

"बाप," अवधूत म्हणाला.

"ओह."

"परत घेता येईल?"

"नाही सर. गेला तो गेला."

खाली उतरताना लिफ्टच्या आरशात त्याला आपलं तोंड दिसलं आणि ते त्याला बघवेना. जो आधी बोलला तो हरला. एकदा नाही, त्रेचाळीस वेळा! कोणी मागितली नसताना लोटांगण, तेही दर अर्ध्या मिनिटाला, घड्याळ लावल्यासारखं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अप्पा काय म्हणत असतील? हसत असतील. की चेष्टा वाटली असेल? हा विचार आला आणि तो रस्त्यातच उभा राहिला. चेष्टाच वाटणार. शहाणा माणूस खरी माफी त्रेचाळीस वेळा मागतो का? टिंगल करणारा मागतो. अप्पा आता ऑपरेशनला यायचे नाहीत. दार लावून बसतील, उरलेल्या डोळ्याने पेपर वाचतील, आणि चहात मीठ घालून तो पितील. आणि हे मी केलं असेल. एकदा कॅलेंडरं घालवली, आता डोळा. अवधूत पळायला लागला. एक्कावन्नाव्या वर्षी, पोटात गवार, परळ ते चिंचपोकळी. लालबागला मसाल्याने पुन्हा शिंका आल्या, त्या त्याने पळता पळताच शिंकल्या.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या कमलाबाई तांदूळ निवडत चौकटीत बसल्या होत्या. "अप्पा गेले की मघाशीच," त्या म्हणाल्या. "मीच टॅक्सी थांबवून दिली. इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोन आपला टुणटुण टुणटुण वाजतोय. म्हटलं, बघा तरी कोण आहे. तर म्हणाले, माहीत आहे कोण आहे."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. नाक पुसलं."

हॉस्पिटल हिंदमाताच्या अलीकडे, साड्यांच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. अवधूत घामाने निथळत वर पोचला. लांब बाकावर अप्पा बसले होते, ताठ, मांडीवर फोन, डोळ्यांत थेंब घातलेले आणि गालावरून पाणी ओघळतंय. शेजारी एक दणदणीत कोळीण, डोक्यात अबोलीची वेणी, तिच्याही डोळ्यांत थेंब. अवधूत आला तसं तिने त्याच्या आकाराकडे बघून विचारलं, "ह्योच का वो अप्पा? तेचालीस वेला माफी मागनारा?" आणि उत्तराची वाट न बघता, "माझा भावेश येकदा तरी मागंल काय? येकदा!"

अवधूत अप्पांच्या बाजूला बसला. मधे हातभर अंतर. भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं आणि दोघेही त्याकडे बघत राहिले. कोणीतरी आता काहीतरी बोललं पाहिजे, असं अवधूतच्या मनात आलं.

"एकदा म्हणाला असतास तरी भागलं असतं," अप्पा म्हणाले.

अकरा महिन्यांनी आलेला तो एकेरी शब्द ऐकून अवधूतला पाठीवर कोणी हात ठेवावा तसं झालं. अप्पा समोरच बघत सांगत होते, "पहिला आला तेव्हा मी वाचला आणि फोन उलटा ठेवला. म्हटलं, बघू. पाचव्याला उठून चष्मा घेतला. दहाव्याला वाटलं, याला झालंय काय? विसाव्यानंतर बसवेना. म्हटलं, मुलगा ऑफिसातलं कामधाम टाकून तिथे बसून हेच लिहितोय आणि मी इथे खाटेवर मख्ख. मग शर्ट बदलला." त्यांनी रुमालाने डोळे टिपले. "या शेवंताबाईंना दाखवलं मी. म्हटलं, मुलगा आहे माझा."

आता गप्प बसणं किती सोपं होतं! देवाने ताटात वाढून ठेवलं होतं. हो अप्पा, त्रेचाळीस वेळा लिहिलं, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. बापाला आनंद, मुलाची अब्रू, शेवंताबाईंच्या घरी भावेशची कानउघाडणी. पण अवधूतला ते गिळवेना. अप्पांनी ते टिपणं केल्यासारखं मोजलं होतं, पाचवा, दहावा, विसावा, आणि त्यातला एक सोडून सगळे यंत्राचे होते. आपल्या बापाच्या हातात आपण खोट्या नोटा ठेवतोय असं त्याला वाटलं.

"अप्पा," तो म्हणाला. तोंडातून शब्द निघाला तो चिरकाच. "मी एकदाच लिहिलं होतं. बाकीचे मशीनने पाठवले. माझी एक पायरी चुकली. आणि खरं सांगायचं तर तो एकही जायचा नव्हता. मी आपलं, कोणी वाचणार नाही म्हणून लिहिलं."

शेवंताबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. आतून नर्सने कोणाचं तरी नाव पुकारलं, ते दुसऱ्याचं होतं. अवधूतला वाटलं, संपलं, आता आणखी अकरा महिने. अप्पांनी मांडीवरचा फोन उचलला, नाकाशी धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"त्यातला तुझा कुठला?"

"पहिला."

"मला काही दिसत नाही," अप्पा म्हणाले. "थेंब घातलेत. सगळं पांढरं झालंय. वाच."

अवधूतने फोन घेतला. अंगठ्याने वर वर सरकवत गेला, तेच तेच शब्द, तेच नाव, पार वरपर्यंत, बारा सत्तावन्नपाशी. मजकूर पाठ होता. तरी त्याने तो डोळ्यांसमोर धरला, कारण अप्पांकडे बघून त्याला म्हणवलं नसतं. मग त्याने फोन खाली घेतला आणि अप्पांकडे बघितलं.

"अप्पा, चुकलो."

"हं," अप्पा म्हणाले. गालावरून ओघळलेलं त्यांनी पुसलं नाही, आणि ते थेंबाचं होतं की कसलं, हे विचारायची अवधूतची छाती नव्हती. त्याचं स्वतःचं नाकही वाहायला लागलं होतं. काहीतरी करायचं म्हणून त्याने फोनकडे बघितलं. त्या एकाखाली बेचाळीस फुकटचे.

"बाकीचे काढून टाकू?"

अप्पांनी मान वळवली. त्यांना अवधूत धड दिसत नव्हता, तरी ते नीट त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"विचारलंस," ते म्हणाले. "बरं केलंस. राहू देत."